दोन मिलिमीटर

सायकलच्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणाऱ्या भागाच्या, डोक्यात ड्रिल घालायचं की नाही, यावर गेल्या श्रावणात आमच्या घरी तीन आठवडे बोलणं चाललं होतं. बोलत बहुतेक मीच होते. बाबा ऐकायचे आणि मध्येच एखादं माप विचारायचे.

सायकल बाबांची. काळी, दांडीची, बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं, मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा आणि हँडलखाली, सायकलच्या छातीवर म्हणावं अशा जागी, बगळ्याच्या डोक्याचं पितळी पदक. रॅले. नाव नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्याचं, पण ही सायकल इंग्लंडहून आलेली नाही. ती आसनसोलची, सेन-रॅलेच्या कारखान्यातली. स्वातंत्र्यानंतर तिथे या सायकली बनायला लागल्या आणि देशभर गेल्या. पुढे कारखाना अडचणीत आला आणि १९८० साली संसदेत एक कायदा होऊन तो सरकारकडे गेला. आपल्या वरळीची हिंद सायकलही त्याच कायद्याने सरकारजमा झाली. एकाच कायद्याच्या शीर्षकात दोघींची नावं शेजारी शेजारी आहेत. मला ते वाचून उगाच गलबलून आलं होतं, एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेत दोन ओळखीची नावं दिसावीत तसं.

बाबांनी ती १९६७ साली घेतली. तेव्हा ते खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नुकते लागले होते आणि आम्ही (म्हणजे तेव्हा आजी, आजोबा आणि बाबा) नारायण पेठेत राहत होतो. रोज संगम पुलावरून खडकी, आणि परत. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की तो मीच पाहिलाय असं वाटतं. पावसाळ्यात त्या लोंढ्याचा आवाज बदलायचा म्हणे. घंट्या कमी आणि ब्रेकच्या दांड्यांची खळखळ जास्त. सगळे जण ब्रेक आधीपासून धरून चालवायचे.

त्या दांडीच्या ब्रेकबद्दल जरा सांगायला हवं, कारण आता ते पाहिलेली माणसंही कमी होत चालली आहेत. या ब्रेकला केबल नसते. मूठ दाबली की हँडलला लागून असलेली एक बारीक सळई फिरते, ती चिमट्यासमोरून खाली गेलेल्या दांडीला वर ओढते आणि दांडीच्या टोकाला चाकाला वेढून बसलेलं एक कडं असतं, घोड्याच्या रिकिबीसारखं. कड्याच्या दोन टोकांना रबराचे गुटके. हे गुटके रिमला बाजूने चिमटीत धरत नाहीत. ते रिमच्या आतल्या अंगाला, तारा जिथून निघतात त्या बाजूला, खालून वर दाबतात. म्हणून त्या रिमचा आकारही वेगळा: मधे तारांसाठी उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गुटक्यांसाठी पन्हाळीसारखी गोलाई. चाक थोडं आउट असलं, म्हणजे फिरताना डुलत असलं, तरी या ब्रेकला फारसं अडत नाही. तुटायला केबल नाही, गंजून अडकायला आवरण नाही. एक पाना, एक पेचकस आणि तेलाची बुधली एवढ्यावर साठ वर्षं चालतो. आमच्याकडे चाललाच.

फक्त पावसात चालत नाही.

मी बावधनच्या एका शाळेत शिकवते आणि राहते कोथरूडला. जाताना चढ, येताना उतार. ही सायकल मी तीन वर्षांपूर्वी जिन्याखालून काढली, पेट्रोल वाचवायला म्हणून नव्हे, तर बाबांना ती रोज दिसावी म्हणून. ते आता ब्याऐंशीचे आहेत आणि खिडकीत बसून कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवतात. उन्हाळा-हिवाळा काही अडचण आली नाही. जुलैमधल्या एका संध्याकाळी चांदणी चौकातून पौड रस्त्याने खाली येत होते. पाऊस बारीक, पण दिवसभराचा. पुढचा टेम्पो थांबला. मी दोन्ही मुठी दाबल्या. कडी वर गेली, गुटके रिमला लागले, ते हाताला कळलंसुद्धा, आणि सायकल तशीच जात राहिली. काही सेकंद, असेल तेवढंच. मी ती डावीकडे घातली, पायडल फुटपाथच्या कडेला घासलं आणि गुडघ्यावर पडले. टेम्पोचं मागचं फळकूट माझ्यापासून दोन हातांवर होतं. चालकाने मागे वळूनही पाहिलं नाही, कारण त्याला काही कळलंच नव्हतं.

क्रोमची पोलादी रिम आणि रबर यांच्यात पाण्याचा थर आला की घर्षण जवळजवळ संपतं. ब्रेक हलके धरून चाक काही फेरे फिरलं की पाणी पुसलं जातं आणि मग कुठे तो लागायला लागतो. खडकीच्या लोंढ्यातले लोक ब्रेक आधीपासून धरायचे ते याचसाठी. त्यांच्या रस्त्यावर एवढा उतार नव्हता, आणि पुढे थांबणारी वस्तूही सायकलच असायची, तिच्या गतीने थांबणारी.

घरी आल्यावर गुडघ्याला हळद लावता लावता मी बाबांना हे सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, पावसाळ्यात रिक्षाने जात जा. त्यांनी थोडा वेळ सायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेक लागत नाही ना? मग बदल."

"बाबा, पण तो तिचा मूळ ब्रेक आहे."

"मूळ आहे, पण लागत नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बाबा इतक्या सहज ते बोलून गेले याचंच मला वाईट वाटत होतं. त्या दांड्यांना मी लहानपणी दांडीवरच्या छोट्या सीटवर बसून हात लावलेला आहे. ब्रेक दाबला की माझ्या बोटांखालून सळई सरकायची आणि मला वाटायचं, सायकल मीच थांबवतेय. बाबांसाठी ती कामावर नेणारी गोष्ट होती. ती जपून ठेवायची वस्तू झाली होती ती माझ्यासाठी.

मग सुरू झाला शोध. आधी मी सगळ्यात कमी बदल होईल असं काहीतरी शोधत होते. पोलादी रिमसाठी चामडं लावलेले गुटके पूर्वी मिळायचे, ओल्यात ते साध्या रबरापेक्षा बरे धरतात. ते आमच्या पेठेतल्या कुठल्याच दुकानात नव्हते. डिस्क ब्रेकचा विचार एका दिवसात सोडला. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या एकाच पायावर आणि तोही अगदी खाली, आसाजवळ येतो. जुन्या चिमट्याचे पाय तिथे निमुळते होत गेलेले असतात, तो ताण त्यांच्यासाठी कधी मोजलेलाच नव्हता. दिसतं सगळं सारखंच, नळी ती नळी. पण एक पाय हळूहळू वाकत जाईल आणि ते आपल्याला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

ड्रम ब्रेकने मात्र मला मोहात पाडलं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटातच ब्रेक, पाऊस आत पोचतच नाही, रिम पोलादी असो की कसलीही असो. स्टर्मी-आर्चर आजही असे हब बनवते, सत्तर आणि नव्वद मिलिमीटरच्या ड्रमचे. मूळ कंपनी नॉटिंगहॅमचीच, रॅलेच्या घरची म्हणावी अशी. २००० साली ती तैवानच्या सनरेसकडे गेली. म्हणजे नात्यातलंच काहीतरी आलं असतं. पण आजच्या हबची पुढची रुंदी १०० मिलिमीटर आणि आस ९ मिलिमीटर जाडीचा. आमच्या चिमट्याचे पाय त्याहून जवळ आणि आसाची खाच पाच सोळांश इंचाची, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. पाय फाकवायचे आणि खाच कानशीने रुंद करायची. फाकवलेलं पोलाद एक वेळ परत आवळता येईल. कानशीने काढलेलं पोलाद परत कुठून आणायचं?

तिथे मला माझी अट सापडली. जे करायचं ते पान्याने करता यावं आणि पान्याने परत काढता यावं. कापायचं नाही, घासायचं नाही, डाग द्यायचा नाही, भोक पाडायचं नाही.

मग राहिला साधा केबलचा कॅलिपर. रिमला दोन बाजूंनी धरणारा, शहरातल्या निम्म्या सायकलींना असतो तो. आणि इथून मापांचं जंगल सुरू झालं.

पहिली अडचण रिमची. आमच्या गोल अंगाच्या रिमला बाजूने धरायला सपाट भिंतच नाही. म्हणजे रिम बदलणं आलं. ॲल्युमिनियमची सपाट भिंतीची रिम घेतली तर ओल्यातही ती पोलादापेक्षा कितीतरी चांगली धरते, म्हणजे दोन्ही दुखण्यांवर एकच औषध. पण अठ्ठावीस इंची म्हणून जे चाक आपण ओळखतो त्याचा टायर बसतो ती कड ६३५ मिलिमीटर व्यासाची. आज ज्याला सातशेचं चाक म्हणतात त्याची कड ६२२. फरक तेराचा, म्हणजे त्रिज्येत साडेसहाचा. तेवढी रिम ब्रेकपासून दूर जाते. आणि या सायकलीला मुळातच मडगार्डसाठी भरपूर जागा सोडलेली. तेव्हा कॅलिपरचे हात लांब हवेत.

दुसरी अडचण मागच्या चाकाची, आणि ती मला फार आवडली. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना पुढे ३२ तारा असतात आणि मागे ४०. बसणाऱ्याचं वजन मागे, कॅरिअरवरचं पोतं मागे, म्हणून तारा मागे जास्त. किती सरळ विचार! पण आज ४० भोकांची ॲल्युमिनियमची रिम शोधायला गेलं तर दुकानदार आपल्याकडे सहानुभूतीने बघतात. ३२ ची हवी तेवढी मिळते. म्हणजे मागचा हब फेकल्याशिवाय मागची रिम बदलता येत नव्हती.

हे सगळं घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान आहे, दुकान म्हणजे दोन फळ्या, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, मागचा कशाला बदलताय?"

"म्हणजे?"

"उतारावर सायकल पुढच्यानं थांबते. सगळा भार पुढं येतो तेव्हा. मागचा जास्त दाबला तर चाक नुसतं घसरतं. पुढचा चांगला करा, मागचा राहू द्या तसाच."

बरोबर होतं. ब्रेक लागताना शरीराचं आणि सायकलचं वजन पुढच्या चाकावर कलतं, मागचं चाक हलकं होतं आणि हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही. पुढचा चांगला ब्रेक एकटासुद्धा मागच्या एकट्यापेक्षा साधारण निम्म्या अंतरात थांबवतो. मी महिनाभर दोन्ही ब्रेकांचा विचार करत होते आणि हा माणूस घमेल्यात नळी बुडवता बुडवता अर्धा प्रश्न सोडवून मोकळा झाला होता.

त्यांनी चिमटा बाहेर काढला. रॉकेलमध्ये धुतला, डोक्याजवळचा जोड कापडाने पुसून उन्हात धरला, नखाने चाचपला. चीर नव्हती. दोन्ही पाय काचेवर आडवे ठेवून पाहिले, सरळ होते. चिमटा ज्यात फिरतो त्या खालच्या वाटीतले छर्रे मात्र खड्डे पडलेले निघाले, ते सगळे नवे घातले. ब्रेक जोरात लागायला लागला की धक्का पहिल्यांदा तिथेच बसतो, आणि वाटी ढिली असेल तर अख्खं हँडल थरथरतं. आधी हे, मग ब्रेक, असं ते म्हणाले. कुणी जुन्या सायकलीला नवा ब्रेक लावणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, हा क्रम चुकवू नका.

चिमट्याच्या डोक्यात आरपार एक भोक होतं, मडगार्डच्या बोल्टसाठी. सहा मिलिमीटरचं. कॅलिपरचा बोल्टही सहाचाच असतो. पण आजकालचे बहुतेक कॅलिपर मागून आत बुडणाऱ्या लांब नटावर बसतात आणि त्या नटासाठी मागचं भोक आठ मिलिमीटरचं लागतं. मिस्त्रींनी ड्रिल हातात घेतलंसुद्धा.

"दोन मिलिमीटरचं काम आहे, ताई. दिसणारपण नाही."

मी थांबवलं. तीन आठवड्यांचं बोलणं ते हेच. घरी मी कागदावर चित्र काढून बाबांना दाखवत होते, मडगार्डमागे ते भोक खरंच कुणाला दिसणार नाही. बाबांनी चष्मा वर केला. "दिसणार नाही हे कशाला सांगतेस? ताकद कमी होईल का ते सांग." ते त्यांच्या नोकरीतलं बोलणं होतं. मला उत्तर देता येईना. बहुधा फार कमी झाली नसती, पुष्कळ लोक करतात. पण 'बहुधा' हा शब्द बाबांपुढे उच्चारायची माझी तयारी नव्हती.

उत्तर शेवटी वेगळ्याच बाजूने आलं. टेक्ट्रोचा लांब हातांचा एक कॅलिपर आहे, आर ५५९. त्याची पोच, म्हणजे बोल्टपासून गुटक्यांपर्यंतचं अंतर, ५५ ते ७३ मिलिमीटर. आणि तो जुन्या पद्धतीच्या लांब बोल्टसह, साध्या बाहेरच्या नटावर बसणारासुद्धा मिळतो. सहाच्या भोकात सहाचा बोल्ट, मागून वॉशर आणि नट. ड्रिल नको. प्रश्न एवढाच राहिला की पोच पुरते का. मिस्त्रींनी माझ्याकडून रिम आणवली, जुन्याच हबवर नव्या तारा ओवल्या, आउट काढली आणि चाक नुसतं चिमट्यात उभं केलं. भोकाच्या मध्यापासून रिमच्या भिंतीच्या मध्यापर्यंत पट्टी धरली. मी श्वास रोखून बघत होते.

एकाहत्तर.

"दोन मिलिमीटर शिल्लक," मिस्त्री म्हणाले, आणि पट्टी पुन्हा लावून पुन्हा वाचली.

पुढचं काम त्या मानाने भरभर झालं. गोल डोक्यावर सपाट कॅलिपर डुगडुगू नये म्हणून मधे अर्धगोल वॉशर. मडगार्डची पट्टी त्याच बोल्टवर. टायर चाळीस मिलिमीटर रुंदीचा घेतला, त्यामुळे सायकलचं नाक फक्त चार-पाच मिलिमीटर खाली आलं, चालवताना कळतही नाही. उजवीकडची जुनी मूठ आणि सळई उतरवली. हँडलवरचे तिचे कान तसेच ठेवले आणि त्यांच्या शेजारी उघडणाऱ्या क्लॅम्पची नवी मूठ बसवली. मूठ घेताना एक काळजी घ्यावी लागते: व्ही-ब्रेकची (दोन उभ्या, लांब हातांच्या ब्रेकची) मूठ केबल जास्त ओढते आणि जोर कमी देते, ती कॅलिपरला लावली तर मूठ कडक लागते आणि ब्रेक कमी धरतो. दिसायला दोन्ही सारख्याच असतात. हबच्या मध्यावर तेल घालायचं भोक आणि त्यावरची फिरणारी पत्र्याची पट्टी जुनीच राहिली. तिच्यावरचं क्रोम बाबांच्या अंगठ्याने झिजलेलं आहे.

सायकल घरी आणली तेव्हा बाबा खाली आले. ते आजकाल सहसा खाली येत नाहीत. त्यांनी हँडल धरलं, सायकल चार पावलं ढकलली आणि उजवी मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबलं आणि मागचं चाक वीतभर वर उचललं गेलं. त्यांनी ते हळूच खाली टेकवलं. मग डावी मूठ दाबली. मागची दांडी खळखळली, कडं वर गेलं.

"हा ठेवलास ते बरं केलंस," एवढंच म्हणाले.

नव्या ब्रेकची सवय व्हायला मला आठवडा लागला. जुन्या सवयीने बोटं पूर्ण आवळायची, आणि हा तर दोन बोटांत थांबतो. पहिल्यांदा पाऊस आला तेव्हा मी मुद्दाम त्याच उतारावर, त्याच जागेच्या बरीच आधी, हलकेच मूठ दाबली. रिमवरून पाणी उडालं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग सायकल एखाद्या शहाण्या बैलासारखी थांबत गेली. मागून डाव्या हाताखाली ओळखीची खळखळ. मी फुटपाथला पाय टेकवून उभी राहिले. पाऊस पडत होता, गाड्या जात होत्या, आणि मला खूप दिवसांनी कुणावर तरी पूर्ण भरवसा टाकल्यासारखं वाटलं.

काढलेले भाग मी तेलाच्या कापडात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. जुनी रिम माळ्यावर. या जूनमध्ये पावसाळ्याआधी ब्रेकचे गुटके पाहताना एक वॉशर लागला म्हणून तो डबा उघडला. कापड नीट घडी करून, नव्याने तेल लावून ठेवलेलं होतं. प्रत्येक स्क्रूला दोरा बांधलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी कागद चिकटवलाय, त्यांच्या फॅक्टरीतल्या ठसठशीत अक्षरात:

रॅले, पुढचा ब्रेक. कडं १, दांड्या २, उजवी मूठ १, स्क्रू ६. स्प्रिंगचं लांब टोक वर. कड्याचे स्क्रू चाक बसल्यावरच आवळणे. रिम माळ्यावर, उजव्या कोपऱ्यात. तारा जुन्याच आहेत, मोजून घेणे: ३२.